माळकरी घरातली मनी

हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की नागपुरात क्वचितच एखादं घर संत्र्यांवाचून असतं. आणि दरवर्षी याच दिवसांत मला हमखास विचारलं जातं, "ताई, मांजराला फळ दिलं तर चालतं का?" एरवी मी दोन मिनिटांत उत्तर देते. या घरात मात्र तीन भेटी लागल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मी औषधं देत नाही, ते पशुवैद्यकांचं काम. मांजर-कुत्रं पाळणाऱ्या कुटुंबांशी मी त्यांच्या खाण्याबद्दल आणि सवयींबद्दल बोलते. त्या दिवशी मनीशनगरातून सूनबाईंचा घाबरलेला फोन आला. आठ वर्षांच्या मुलानं संत्र्याची साल चिमटून मनीच्या तोंडावर फवारा मारला होता. आपण सगळ्यांनी लहानपणी भावंडांच्या डोळ्यांत उडवलाय, तोच. मनीच्या तोंडातून लाळेची तार लागली होती आणि ती पंजानं तोंड पुसत पलंगाखाली शिरली होती. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या सालीतलं तेल मांजराला खरोखर बाधतं. आपलं यकृत जे सहज निपटतं, ते मांजराच्या यकृताला तितकं जमत नाही. कोमट पाण्याच्या ओल्या फडक्यानं तोंड पुसून थेट डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत लाळ थांबली.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. आजी माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. मनी त्यांच्या मांडीवर होती. पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक करून बोटांना लागले. केस राठ. तीन वर्षांची मांजर आणि वजन फक्त 2.8 किलो.

"काय खाते ही?" मी विचारलं.

"सगळं खाते, बाई. सकाळी दूध-पोळी, दुपारी केळं कुस्करून, संध्याकाळी सफरचंदाच्या फोडी. उन्हाळ्यात टरबूज, खरबूज. खरबूज कापलं की वरून धावत येते. गोड लय आवडते तिला. आता थंडीत शिऱ्यातले किसमिस देऊन राहिली मी."

किसमिस ऐकून मी आधी तेच थांबवलं. द्राक्षं, मनुका, किसमिस, काहीच द्यायचं नाही. कुत्र्यांमध्ये यानं मूत्रपिंडं निकामी होतात. मांजरांतल्या नोंदी कमी आहेत, पण किती दाण्यांनी बाधेल ते कुणालाच आधी सांगता येत नाही, म्हणून एक दाणासुद्धा नको. ॲव्होकॅडो नको. सफरचंदाच्या बिया नकोत. बाकी साल-बिया काढलेलं सफरचंद, टरबूज, खरबूज, जरासं केळं यांनी विष होत नाही. मुलाच्या नखाएवढे दोन तुकडे, तेही रोज नाही. घरात राहणाऱ्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 कॅलरी लागतात आणि खाऊ म्हणून त्यातला दहावा हिस्सा पुष्कळ झाला. एका मध्यम सफरचंदातच नव्वदेक कॅलरी असतात.

इथं माझं उत्तर संपायला हवं होतं. पण मांडीवरचे ते मणके काही डोळ्यांसमोरून जाईनात. मी विचारलं, "ही आधीपासून अशीच बारीक आहे का?"

सूनबाई म्हणाल्या, "नाही हो. महाल भागातल्या जुन्या वाड्यात होतो तेव्हा चांगली गुबगुबीत होती. इथं चौथ्या मजल्यावर आल्याला वर्ष झालं, तेव्हापासून उतरत चाललीय."

आजी खाली बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "वाड्यात उंदीर होते. पाली होत्या. ती धरायची. मी तोंड फिरवून घेत होती."

सगळं तिथंच उलगडलं. वाड्यातसुद्धा मनी दूध-पोळीवर जगत नव्हती. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच घ्यावं लागतं. ते मांसात असतं, फळात किंवा पोळीत नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय ढिलं पडून फुगतं. हा हृदयाचा संबंध 1987 मध्ये सिद्ध झाला. उंदरातून तिला ते मिळत होतं. फ्लॅटमध्ये उंदीर बंद झाले आणि तिच्या ताटात फक्त आजीची माया उरली.

गोडाचंही सांगावं लागलं. मांजराला गोड चव कळतच नाही. ती ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी असल्याचं 2005 मध्ये दिसून आलं. खरबुजाकडे ती बहुधा वासानं ओढली जाते. आजींचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षभर मी तिला उपाशी मारून राहिली होती?"

या प्रश्नाला घाईनं "नाही नाही" म्हणणं मला पटत नाही. मी म्हटलं, "काकू, पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं. तुम्हाला माहीत नव्हतं. आता कळलंय, आणि वेळ गेलेली नाही."

"पण माळ आहे गळ्यात. मटण घरात नाही येणार."

मी आग्रह धरला नाही. मांस शिजवायची गरजच नव्हती. मोठ्या मांजरांसाठीचं संपूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं कोरडं खाद्य पुरतं. टॉरिन त्यात मोजून घातलेलं असतं. कुत्र्याचं खाद्य मात्र चालत नाही. पण त्या गोळ्यांत कोंबडी किंवा मासळी असते, हे मी लपवलं नाही. लपवून बदल केला असता तर पुढं कधीतरी आजींना कळलं असतं, आणि तो विश्वास परत मिळाला नसता.

आजी बराच वेळ माळेचे मणी चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माळ मी घातली आहे. तिनं नाही."

सूनबाईंनी गॅलरीत वेगळा डबा ठेवला, वाटी वेगळी, ती घासायची घासणीही वेगळी. खाद्य एकदम बदलू नका, हे मी बजावलं. हट्टानं मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून दूध-पोळीत चमचाभर गोळ्या, रोज थोड्या वाढवत दहा दिवस. दूध बंद झालं तशी तिची अधूनमधूनची जुलाबाची तक्रारही गेली. डॉक्टरांनी हृदय आणि डोळे तपासले. दोन्ही शाबूत होते.

मार्चमध्ये मनी 3.5 किलोची झाली होती. पाठीवर हात फिरवला, मणके शोधावे लागले.

एप्रिलमध्ये, पारा बेचाळीसच्या वर असताना, आजींचा फोन आला. "बाई, टरबूज कापलं आहे. बिया सगळ्या काढल्या. मनी पायात घोटाळून राहिली. दोन फोडी देऊ?"

"एकच. नखाएवढी."

फोन चालूच राहिला. सुरी पाटावर ठेवल्याचा आवाज आला, मग आजींचा, "घे गं. एवढीच सांगितली आहे तुला."