पॉइंट टू-टू पिस्तूल रॅपिडमध्ये अडकतं. मॅगझिनच्या लिप्स पकडीने आवळल्या तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल खेळते, पिस्तूल सेकंडहँड पण चांगल्या परदेशी बनावटीचं आहे, आणि पाच शॉटच्या सीरीजमध्ये तिसऱ्या-चौथ्या राउंडला (म्हणजे काडतुसाला) ते अडकतं, तेही बहुतेक वेळा रॅपिडमध्ये, म्हणजे प्रत्येक शॉट तीन सेकंदांत सोडायच्या टप्प्यात. मॅगझिन दोनच आहेत. तिसरं बाहेरून मागवायचं तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. म्हणून ओळखीच्या एकाने पकडीने लिप्स जरा आवळून बघा असं सुचवलंय.

पकड आधी ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. लिप्स म्हणजे मॅगझिनच्या तोंडाशी राउंडला वरून धरून ठेवणारे दोन वळवलेले काठ, आणि ते पातळ पत्र्याचे असतात. एकदा वाकवले की पुन्हा मूळ मापावर येत नाहीत, आणि दोनदा-तीनदा वाकवले की कोपऱ्यात चीर पडते. क्लबांच्या कपाटात अशी ‘सुधारलेली’ मॅगझिनं मी भरपूर पाहिली आहेत. त्यातली कामाला येतात ती फक्त स्प्रिंगसाठी.

खरं तर दोष पिस्तुलापेक्षा काडतुसाच्या जन्मातच आहे. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ सालचं. त्याची स्फोटक भुकटी बुडाच्या कडेत भरलेली असते, त्यामुळे ती कड, म्हणजे रिम, ठेवावीच लागते. पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी नळकांड्याचा) व्यास साधारण ५.७ मिलिमीटर आणि रिमचा ७ च्या वर. आता असे पाच राउंड एकावर एक रचा. प्रत्येक वरच्या राउंडची रिम खालच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. म्हणून तर टू-टूचं मॅगझिन तिरकं असतं. यात एखादी जरी रिम खालच्या रिमच्या मागे गेली, तर बोल्ट (पिस्तुलातला मागेपुढे सरकणारा जड भाग) वरचा राउंड पुढे ढकलतो तेव्हा तो खालच्याला अडकतो, नाक खाली घालतो आणि चेंबरऐवजी (नळीच्या मागच्या टोकाची राउंड बसायची जागा) तिच्याखालच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, जाऊन आपटतो. गोळी नुसत्या शिशाची असते, तिच्या नाकावर चपटा डाग पडतो. तुमच्या अडकलेल्या राउंडवर असा डाग दिसतो का, हे सगळ्यात आधी बघा.

हे बहुतेक वेळा भरताना होतं. मॅगझिनच्या बाजूचं बटण अंगठ्याने पार तळापर्यंत ओढायचं आणि पाचही राउंड वरून सोडायचे, ही सवय मुलांना फार. मध्ये मोकळी जागा राहिली की राउंड आत पुढे-मागे सरकतात आणि रिमांचा क्रम बिघडतो. बटण एका राउंडापुरतंच खाली घ्यायचं, राउंड मागच्या भिंतीला टेकवून ठेवायचा, मग पुढचा. पाच भरून झाले की बाजूच्या फटीतून एकदा नजर टाकायची. पाचही रिमा पायरीपायरीने पुढे जाताना दिसल्या पाहिजेत आणि सगळ्यात वरच्या गोळीचं नाक किंचित वर हवं. रेंजवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की हे एका क्षणात कळतं. घरी हा सराव फक्त डमी राउंडवर करा. खरे राउंड रेंजवर, फायरिंग लाइनवर आणि सूचना मिळाल्यावरच.

आता दोन्ही मॅगझिनांवर १ आणि २ असे आकडे घाला. नेलपॉलिश उत्तम टिकतं. वहीत प्रत्येक जॅमपुढे मॅगझिनचा आकडा, कितवा राउंड आणि काडतुसाचा लॉट (बॅच) लिहायला सांगा. मुली हे मुलग्यांपेक्षा नेटाने करतात, असा माझा अनुभव. महिनाभरात चित्र आपोआप उभं राहतं. पहिलाच राउंड अडकत असेल तर मॅगझिन नीट बसलेलं नसतं किंवा लिप्सचा घोळ असतो. शेवटचा अडकत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा फॉलोअर (स्प्रिंगवरची, राउंड वर ढकलणारी पट्टी) आत घासतोय. मधलेच अडकत असतील तर वर सांगितलेला रिमांचा गोंधळ. आणि मॅगझिन बदलूनही दोष तसाच राहिला तर मॅगझिन निर्दोष, मग चेंबर, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा हूक) किंवा काडतूस यांच्याकडे वळायचं.

लिप्सबद्दल शंका असेलच तर व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि दोन्ही मॅगझिनांच्या लिप्समधलं अंतर पुढे, मध्ये आणि मागे मोजून लिहा. बरोबर चालणारं मॅगझिन हेच तुमचं मापाचं पुस्तक. फरक दिसला तर ते बिघडलेलं मॅगझिन शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या माणसाकडे द्या. त्याच्याकडे योग्य मापाचा ठोकळा असतो, तो आत घालून लिप्स त्यावर बसवतो. पकडीने हवेत वाकवत नाही.

स्वतः करण्यासारखं काम म्हणजे सफाई. टू-टूच्या गोळीवर बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. ते मेण लिप्सच्या आतल्या बाजूला, फॉलोअरच्या खाचेत आणि रॅम्पवर साचतं, त्यावर न जळलेल्या दारूचे कण बसतात. डिसेंबरात पहाटेच्या गारठ्यात हे निरांजनातल्या तुपासारखं थिजतं, आणि काल दुपारी छान चाललेलं पिस्तूल आज सकाळी रुसतं. मॅगझिनचा तळ काढा (स्प्रिंग उडते, डोळे सांभाळा), जुना टूथब्रश आणि थोडं लायटरचं पेट्रोल घेऊन आतून पुसा. घरात देव्हाऱ्यातला दिवा किंवा गॅस चालू नको. पूर्ण कोरडं करून जोडा. आत तेल घालू नका. एक थेंबसुद्धा नको. तेलाने दोन दिवस सगळं सुळसुळीत वाटतं, मग त्याचाच चिखल होतो. स्प्रिंग काढली होती तशाच बाजूने परत घाला आणि ओढून लांब करू नका. ओढलेली स्प्रिंग थोडे दिवस जोर दाखवते आणि मग आधीपेक्षा ढिली पडते.

अडकणं बहुतेक रॅपिडमध्येच होतं, असं तुम्ही लिहिलंय, आणि मला त्यातच खरी गोम दिसते. प्रिसिजन (सावकाश नेम धरायचा टप्पा) चालू आहे की रॅपिड हे मॅगझिनला कळत नाही. राउंड तेच, स्प्रिंग तीच. बदलतो तो हात. टू-टूची टार्गेट पिस्तुलं बहुतेक साध्या ब्लोबॅकची असतात. बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावर सगळा कारभार. हात ताठ असेल तर बोल्ट पूर्ण मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि नवा राउंड उचलतो. रॅपिडमध्ये तीन सेकंदांत हात ४५ अंशांवरून वर आणून शॉट सोडायचा असतो. मनगट तेवढ्यात सैल पडलं तर बोल्टची धाव अर्धवट राहते, पुंगळी दारातच उभी अडकते किंवा पुढचा राउंड उचललाच जात नाही. त्यामुळे अडकलंय काय, भरलेला राउंड की रिकामी पुंगळी, हे वहीत वेगळं लिहा. पुंगळी असेल तर मॅगझिनचा विषयच संपला. प्रशिक्षकांना मनगट आणि ग्रिप बघायला सांगा. ग्रिप हाताला मोठी असेल तर लाकडावर पुटी भरून, घासून ती बसवणं ही खटपट जरूर करा. त्यात रंगायला मजा येते आणि गुणही वाढतात. फक्त मनगटाला आधार मिळेल असं काही जोडू नका, उपकरण तपासणीत अडवतील.

काडतूसही हलकं-भारी असतं. स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे राउंड सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाचे. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग त्यांच्यासाठीच बेतलेली असते. स्वस्तात मिळाले म्हणून हाय व्हेलॉसिटीचे राउंड चालवू नका, बोल्ट मागे नको तितका आपटतो.

यूट्यूबवर दिसणाऱ्या दुरुस्त्या बहुतेक अमेरिकन असतात आणि त्या वेगळ्या जगातल्या. तिथे रुगर कंपनीचं १९४९ पासूनचं पिस्तूल घरोघरी. खोलायला सोपं, जोडायला महाकर्मकठीण अशी त्याची ख्याती. शेवटी कंपनीनेच २०१६ मध्ये एका बटणावर उघडणारं मार्क फोर काढलं. तिकडची माणसं सुटे भाग आणून ट्रिगर हलका करत बसतात. आपल्याकडे ते बघून शिअरला (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणाऱ्या भागाला) कानस लावू नका. स्पोर्ट पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान १००० ग्रॅम वजन पेललंच पाहिजे, आणि घासलेल्या शिअरवर एका दाबात दोन गोळ्या सुटू शकतात. शिवाय शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे शस्त्रदुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. शस्त्र बाळगायच्या परवान्यात ती मुभा येत नाही.

घरी रिकाम्या चेंबरवर खटखट ट्रिगर दाबायची सवयही तपासा. रिमफायरमध्ये, म्हणजे कडेत भुकटी असलेल्या या काडतुसात, फायरिंग पिन कडेवर मारते, त्यामुळे राउंड नसताना काही पिस्तुलांत ती चेंबरच्या काठावरच आदळते. काठावर बारीक खळगा पडतो, धातू आत दबतो आणि राउंड शेवटच्या मिलिमीटरला अडायला लागतो. बऱ्याच मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची वेगळी सोय असते, तीच वापरा. सेकंडहँड पिस्तूल असेल तर आधीच्या मालकाने काय केलंय कोण जाणे, म्हणून चेंबरचा काठ भिंगाने बघून घ्या.

आणि स्पर्धेत अडकलंच तर मुलीला एक गोष्ट पाठ असू द्या. पिस्तूल टार्गेटच्या दिशेलाच धरून ठेवायचं, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. घाईत बोल्ट ओढला, सेफ्टी चाळवली किंवा मॅगझिन काढलं की तो दोष मान्य होत नाही आणि न झालेले शॉट शून्य धरले जातात. आवाज नेहमीपेक्षा दबका, फुस्स असा आला तर पुढचा शॉट मुळीच नाही, कारण गोळी नळीतच अडकलेली असू शकते. सरावात राउंड उडाला नाही तर नळी टार्गेटकडे ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं, मगच बोल्ट मागे घ्यायचा. काढलेल्या राउंडच्या रिमवर पिनची खूण खोल असेल तर काडतूस खराब, पुसट असेल तर पिन किंवा तिची स्प्रिंग. तो राउंड रेंज ऑफिसरकडे जमा करण्याआधी खुणेचा जवळून फोटो काढून ठेवा, परवानाधारक दुरुस्तीवाला पहिल्यांदा तोच मागेल.