तुपाची वाटी की केरसुणी

"ताई, मुक्या जिवावर हात उचलला, तर ते पाप फिटतं का हो?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे पुष्कळ वेळा येतो, पण कधीच आधी येत नाही. आधी येतो तो दुसराच. कुत्र्यासाठी, मांजरासाठी इतकं रडू येणं बरं आहे का? वडील गेले तेव्हासुद्धा एवढं रडलो नव्हतो, माझं काही बिघडलंय का? त्याचं उत्तर मी पहिल्या दहा मिनिटांतच देऊन टाकते. काही बिघडलेलं नाही. जो जीव रोज पायाशी झोपायचा तो नसला की आधी पाय चाचपडतात, डोक्याला नंतर कळतं. यात हसण्यासारखं काही नाही, आणि हसणाऱ्यांनी बहुधा कुणाला पाळलेलं नसतं. मग माणूस जरा सैलावतो, चहा घेतो, आणि निघताना चपला घालता घालता पाठमोरा राहून खरा प्रश्न विचारतो. वरचा.

विचारणारे होते नाशिकच्या सिडकोत राहणारे एक काका. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत आणि लिहू का, हेही त्यांना विचारून घेतलं आहे. अंबडच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ. सून घेऊन आली होती. तिची तक्रार साधी होती. बाबा रात्री फाटकाला कडी घालू देत नाहीत, डिसेंबरच्या थंडीत रजई घेत नाहीत, आणि संध्याकाळचा देवापुढचा दिवा लावायचं त्यांनी सोडलंय.

काकांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक पट्टा काढला. चामड्याचा, दोन घुंगरं ओवलेला. बकलाच्या खाचेत तांबूस केस अडकले होते. बोलताना ते अंगठ्याने त्या केसांवरून हात फिरवायचे, पण एकही निघू द्यायचे नाहीत.

बंड्या. गावठी कुत्रा, तांबडा, पुढच्या एका पायाला पांढरा मोजा घातल्यासारखा. काकूंनी आणलेला. काकू गेल्या, बंड्या राहिला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सणाचं म्हणून त्याला आंघोळ घातली आणि पट्टा दोरीवर वाळत टाकला. संध्याकाळी चौरंग मांडला, लाह्या-बत्तासे ठेवले, नवी केरसुणी हळदकुंकू लावून शेजारी ठेवली. काका समईत तेल घालायला वळले तेवढ्यात बंड्याने बत्ताशाच्या वाटीत तोंड घातलं. काकांच्या हाताला जे लागलं ते त्यांनी त्याच्या पाठीत घातलं.

"तीच केरसुणी, ताई. लक्ष्मी म्हणून पुजायला आणलेली."

बंड्या केकाटत अंगणात गेला. गल्लीत सुतळी बॉम्बची लड लागली होती, पाहुण्यांनी फाटक उघडं टाकलं होतं. आरती संपली तेव्हा तो नव्हता. गळ्यात पट्टा नव्हता, म्हणजे कुणाला सापडला तरी पाळलेला आहे हे कळायला मार्ग नव्हता.

इथे मी चुकले, ते सांगते. मी त्यांना समजावत बसले. म्हटलं, माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचं. फटाक्याचा आवाज त्याला किती लागत असेल बघा. दरवर्षी दिवाळीत कितीतरी कुत्री अशीच बिथरून पळतात. तो तुमच्या मारामुळे नाही, आवाजामुळे गेला. सगळं खरं होतं. काका मान डोलवत राहिले, "बरोबर आहे ताई" म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. अपराधाचं ओझं घेऊन आलेल्या माणसाला आपण "ओझं नाहीच आहे" म्हटलं, की तो ते उचलून दुसरीकडे जातो. इतकी वर्षं हे काम करून मला हे माहीत असायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी ते एकटेच आले. या वेळी मी पापाबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, काका, तुम्ही त्याला शोधलं कसं, ते सांगा.

आणि माणूस बोलायला लागला. सतरा रात्री. जुनी स्कूटर काढून पाथर्डी फाटा, इंदिरानगर, अंबडच्या कारखान्यांमागची मोकळी रानं, पांडवलेण्याचा पायथा. पहाटे चारला दूधवाले नि पेपरवाले निघतात, त्यांना फोटोची झेरॉक्स द्यायची, कारण त्या वेळी रस्त्यावर कोण कुत्रं नवं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. पहिले तीन दिवस ते नाव घेऊन ओरडत हिंडले. मग जनावरांच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, ओरडू नका. बिथरलेलं कुत्रं घरच्या माणसाच्या हाकेलाही ओ देत नाही, उलट आणखी आत दडतं. दिसलंच तर मागे धावू नका. जमिनीवर बसा, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करा, डोळ्यांत बघू नका, खायचं थोडं लांब ठेवा आणि वाट बघा. घराबाहेर तुमच्या अंगाचा वास असलेलं कापड टाकून ठेवा.

"म्हणून फाटक उघडं," मी म्हटलं.

"म्हणून रजई बाहेर ओट्यावर," ते म्हणाले.

रजईचा उलगडा मला तेव्हा झाला. मी ती स्वतःला दिलेली शिक्षा धरून चालले होते. थोडी असेलही.

एका रात्री पांडवलेण्याच्या खाली, नाल्याकडेला, त्यांना तसंच एक तांबडं कुत्रं दिसलं. सत्तरीला टेकलेला माणूस खडीवर मांडी घालून पाठमोरा बसला, दीड तास. गुडघे आखडले. ते कुत्रं हळूहळू जवळ आलं तेव्हा दिसलं, पायाला पांढरं नाही.

"मग?"

"मग काय. बिस्किटं दिली. आणली होती ना."

मी त्यांना विचारलं, बंड्या आत्ता फाटकातून आत आला तर काय कराल? ते लगेच म्हणाले, पोटाला हात लावून बघेन किती वाळलाय. गोचिड्या काढेन. गरम पाणी ठेवेन. मी विचारलं, आणि तो न सांगता पळून गेला, सतरा रात्री तुम्हाला हिंडवलं, त्याबद्दल? काका माझ्याकडे असं बघायला लागले की जणू माझंच काही बिघडलंय. "अहो, घाबरला होता तो."

मी इथे थोडं थांबते, कारण हरवलेल्या जनावराचं दुःख हे मेलेल्या जनावराच्या दुःखापेक्षा वेगळं असतं. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना त्याला एक नाव दिलं. मराठीत संदिग्ध वियोग म्हणता येईल. माणूस गेला असं म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही. नाशिकच्या माणसाला हे समजावायला परदेशातलं पुस्तक लागत नाही खरं तर. रामकुंडावर रोज दशक्रिया होतात, पिंड ठेवला जातो, कावळा शिवायची वाट बघतात, शिवला की नातलग सुटकेचा श्वास टाकतात. पण ज्याचं काय झालं तेच माहीत नाही, त्याचा पिंड कसा ठेवणार? काकांना कुणीतरी सुचवलं होतं, एखादी शांत करून टाका, मोकळे व्हाल. ते म्हणाले, जिवंत असला तर? त्यांना तो अपशकुन वाटत होता, आणि मला ते अगदी पटलं. टोचणी लागलेला माणूस खिसा फार पटकन मोकळा करतो, म्हणून अशा काळात मोठ्या खर्चाचे विधी आणि नवं पिल्लू, दोन्ही जरा लांब ठेवा, एवढंच मी सगळ्यांना सांगते.

परत काकांकडे. मी विचारलं, दिवा का सोडला?

"तोंड नाही राहिलं, ताई." दर एकादशीला ते पंचवटीत काळारामाला जायचे. दिवाळीनंतरही बसने जात होते. पूर्व दरवाजापर्यंत जायचे, चपला काढायचे, थोडं उभं राहायचे, चपला घालून परत.

त्या दरवाजाबद्दल नाशिककरांना काय सांगायचं? २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं चालला. दार माणसांनी लावलं होतं, रामाने नव्हे. काकांची गोष्ट त्यापुढे फारच लहान आणि वेगळी आहे, दोन्ही एका तराजूत घालायच्या नाहीत हे मला कळतं. तरी ते दरवाजात चपला घेऊन उभे आहेत असं डोळ्यांपुढे आलं, तेव्हा आठवलं ते हेच.

मी देवाची वकील नाही. देव माफ करतो की नाही हे सांगायचा अधिकार समुपदेशकाला नाही आणि ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेत ते शोधावं, असं मी मानते. काका माळकरी नसते तर मी पुढचा प्रश्न विचारलाही नसता. म्हटलं, काका, तुमच्या वडिलांनी तुम्हाला नामदेवांच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली असेल ना?

सांगितली होती. कुत्र्याने नामदेवांची पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको, तूप तरी घे. काकांनी ती मलाच पुन्हा सांगितली, वडील कशी सांगायचे तशी, हात पुढे करून, वाटी सांडू नये म्हणून जपत. सांगता सांगता त्यांचा हात तसाच हवेत थांबला.

"ते कुत्रं पळत असणार," ते म्हणाले.

"हो, पळतच होतं."

"त्याला काय माहीत, ताई, मागून येणाऱ्याच्या हातात तुपाची वाटी आहे का केरसुणी."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली गंगापूर रोडवरचे हॉर्न ऐकू येत होते. मला दोनचार शहाणी वाक्यं सुचली होती. ती गिळली, याचा मला अजून आनंद आहे. काकांनी पट्टा पिशवीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला. "मीही पळतोच आहे म्हणा," असं काहीसं पुटपुटले, आणि चपला घालताना पाठमोरे होऊन काहीच विचारलं नाही.

असं सगळ्यांचं एका गोष्टीत सुटत नाही. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल, जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर त्याला कुत्र्याचं दुःख म्हणून बाजूला सारू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. काकांच्या बाबतीत ती वेळ नव्हती. आणि मारलं ते मारलंच, हे मी त्यांच्यासाठी पुसलं नाही. त्यांना ते पुसून नको होतं.

पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांची यात्रा असते. काका गावाकडच्या दिंडीबरोबर चालत त्र्यंबकला जाऊन आले. नंतर भेटले तेव्हा मी विचारलं, बंड्यासाठी काही मागितलं का?

"नाही. समाधीपुढे डोकं टेकलं, म्हटलं, आलोय."

माळ्यावर कागदात गुंडाळून ठेवलेली ती केरसुणी त्यांनी काढली आहे. तिनेच सकाळी अंगण झाडतात. संध्याकाळी दिवा लागतो. रजई एक घरात आली, एक जुनी ओट्यावर आहे. बंड्या अजून सापडलेला नाही. फाटकाला कडी नाहीच. सुनेने पट्ट्यातली दोन घुंगरं सोडवून फाटकाला बांधली आहेत, रात्री कुणी आत आलं तर कळावं म्हणून.