सारसासाठी वर्गणी: कुठला पैसा चालतो, कुठला खटकतो

प्रश्न असा आहे: गोंदियाकडच्या एका लहान गटाला सारस पक्ष्याच्या घरट्यांच्या राखणीसाठी पैसे उभे करायचे आहेत. गणपतीत डबा ठेवला तर लोकांनी नाकं मुरडली. आता क्यूआर कोड लावावा, दत्तक योजना काढावी की कंपनीकडे जावं? मी बारा वर्षं हेच करतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

आपली माणसं द्यायला कंजूष नाहीत. सप्ताहाला देतात, मंडईच्या (आमच्याकडच्या गावजत्रेच्या) नाटकाला तर हात सैल सोडून देतात. पाखराच्या डब्यापुढेच थबकतात, कारण सारस बसतो तो त्यांच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. रोवणी झाली की जोडी धान उपटून त्याचाच ढीग रचते, बहुधा दोन अंडी घालते आणि महिनाभर उबवते. घरट्याभोवतीचा तुकडा गेला समजायचा. आमच्या पहिल्या डब्यापुढे एक बावाजी उभे राहिले नि म्हणाले, "सारस माया बांधीत, धान मायं गेलं, अन् वर्गणी बी मीच देऊ का जी?" दहा दिवसांनी डबा उघडला तर ३४० रुपये, त्यात एक फाटकी दहाची नोट.

पुढच्या वर्षी आम्ही क्रम उलटा केला. आधी खिशातले पैसे काढून, ज्याच्या बांधीत घरटं होतं त्याला ग्रामसभेत सगळ्यांदेखत नुकसानभरपाई दिली. रक्कम लहानच होती. मग वर्गणी मागितली. शिवाय पैसे न मागता खळ्यावर पायलीभर धान मागितलं. मळणीच्या वेळी दारी आलेल्याला रिकामं न पाठवायची रीत अजून पुरती मोडलेली नाही. (हार्वेस्टर आल्यापासून खळीच कमी झाली, ती गोष्ट वेगळी.) ते धान विकलं आणि हिशेब देवळाच्या भिंतीवर खडूने लिहिला. त्यात "चहापाणी १,२००" अशी ओळ होती. तिच्यावर इतकी बोलणी खाल्ली की तेव्हापासून चहा घरचा.

दत्तक योजना शहरात चालते. नागपूर-पुण्याच्या मंडळींना प्रमाणपत्र, जोडीचा फोटो आवडतो. गावात मात्र विचारतात, "दत्तक घेतलं त घरी नेता का?" हसण्यावारी नेऊ नका, कारण शंका खरी आहे: एकाच जोडीला वीस पालक असतात, हे कागदावर लिहिलंच पाहिजे. एका पावसाळ्यात आमच्या जोडीची अंडी पुरात गेली. एका सल्लागाराने सांगितलं की दात्यांना जुनेच फोटो पाठवा. आम्ही खरं ते कळवलं. चारपाच जण सुटले, बाकीचे राहिले.

मेलेल्या सारसाचा फोटो टाकून पैसे मागू नका. शहरात त्यावर भराभर पैसे येतात, पण तोच फोटो गावाच्या ग्रुपवर फिरतो आणि वाचला जातो तो "शेतकऱ्याने विष घातलं" असा. पुढच्या हंगामात घरटं दाखवायला कोणी येत नाही. घरट्याजवळ फोटोवाल्यांना नेऊन पैसे घेणं मी तर पूर्ण चूक मानतो.

कंपनीचा पैसा घ्यायला हरकत नाही. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण त्यात बसतं. पण देणारा कोण, हे गाव बघतं. सारस विजेच्या तारांना धडकून मरतात, नदीकाठची रेती उपसली की त्यांची जागा जाते. आमच्याकडे एका रेती ठेकेदाराने न मागता पाच हजार आणून दिले. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर चर्चा: "आता हे रेतीबद्दल बोलनार नाहीत." त्याच आठवड्यात परत केले. पाच हजारांत काम तर झालं असतं, पण बोलायला तोंड राहिलं नसतं.

"हायकोर्टाने लक्ष घातलंय, सरकार करेलच, तुम्ही कशाला मागता?" हेही ऐकावं लागेल. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सारसाचा विषय स्वतःहून हाती घेतला, ते खरंच आहे. पण अंड्यांवर कुत्री येऊ नयेत म्हणून रात्री धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसणाऱ्या पोराची मजुरी त्या आदेशातून निघत नाही. हे असंच सांगा, लोकांना पटतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: नोंदणी नसेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या. देणाऱ्यांना करसवलत हवी असेल तर ८० जी म्हणून ओळखली जाणारी आयकर खात्याची नोंदणी लागेल, आणि त्यातही रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच धरतात. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. अध्यक्षाच्या खात्याचा लावला की सगळं संपलं.

मंडईत टेबल लावणार असाल तर सकाळीच लावा. दंडार (इकडचं लोकनाट्य) उभी राहिली की तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.