फिलिप्स, ओस्रामसारख्या कंपन्यांनी आपला मूळचा दिव्यांचाच धंदा का सोडला?

बावीस वर्षं मी एका दिव्यांच्या कंपनीत तपासणी विभागात काढली. (ती या दोन्हींपैकी नव्हे.) त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

या कंपन्यांचं पोट बल्ब उडण्यावर चालायचं. जेरार्ड फिलिप्स आणि त्यांचे वडील फ्रेडरिक यांनी १८९१ मध्ये आइंडहोवनला कारखाना काढला. चार वर्षांनी धाकटा अँटोन आला आणि त्याने विक्रीची बाजू उचलली. ओस्राम १९१९ मध्ये तीन जर्मन कंपन्यांचे दिव्यांचे विभाग एकत्र करून झाली. तिचं नाव ऑस्मियम आणि वोल्फ्राम, म्हणजे टंगस्टन, या दोन धातूंवरून जुळवलेलं आहे. केसाहून बारीक टंगस्टनची तार ओढणं, काचेचे फुगे मिनिटाला शेकड्यांनी काढणं, आत नेमका वायू भरणं ही विद्या मोजक्या लोकांकडेच होती. तीच त्यांची तटबंदी. एलईडीत त्या विद्येचा काडीचाही उपयोग नाही. उजेड देणारी चिप विकत आणा, पत्र्यावर बसवा, ड्रायव्हर (घरातली वीज चिपेला चालेल अशी करून देणारा भाग) जोडा, झाला दिवा. कोणीही बनवू लागलं, भाव कोसळले आणि वर गिऱ्हाईक पुन्हा लवकर फिरकेना. ओस्रामने आपला बल्बचा धंदा लेडव्हान्स या नावाने वेगळा काढला आणि चिनी गुंतवणूकदारांना विकला. तो सौदा २०१७ मध्ये पुरा झाला. फिलिप्सने दिव्यांची कंपनी २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या शेअर बाजारात उतरवली, २०१८ मध्ये तिचं नाव सिग्निफाय झालं. खोक्यावर फिलिप्स दिसतं ते परवान्याने. एडिसनचा वारसा सांगणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनेही २०२० मध्ये घरगुती दिवे विकून टाकले.

पण अशा प्रश्नाखाली हमखास कोणीतरी लिहितं की कंपन्या मुद्दाम कमी टिकणारे बल्ब करतात. माझा थोरला भाऊ हेच म्हणत आला. तो हिशेबनीस. सणावाराला सगळे जमले की जेवताना हा विषय निघायचाच, आणि मला वाटायचं, हा माझ्या हातच्या कामालाच खोटं म्हणतोय.

दादाच्या बोलण्याला आधार होता. १९२४च्या अखेरीस ओस्राम, फिलिप्स, हंगेरीची टुंग्सराम वगैरेंनी मिळून फीबस नावाचा संघ केला आणि साध्या बल्बचं आयुष्य हजार तासांवर बांधलं. सभासदांचे बल्ब स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत तपासले जायचे आणि ज्याचा बल्ब फार जास्त टिकला त्याला दंड! दुसऱ्या महायुद्धात हा संघ मोडला. तो दंड मला पाप वाटतो, अजूनही वाटतो. पण हजार तासांचा आकडा नुसत्या लबाडीतून आलेला नाही. तार जितकी तापवाल तितका उजेड पांढरा आणि विजेच्या मानाने भरपूर, पण टंगस्टन तितकंच लवकर उडून जातं. व्होल्टेज पाच टक्के वाढवा, उजेड साधारण अठरा टक्के वाढतो आणि आयुष्य निम्मं होतं. हे मी रॅकवर हजारो बल्ब जाळून पाहिलंय. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब जळतोय, त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक! तो जेमतेम चार वॉटच्या उजेडाने मिणमिणतो. त्याखाली एक पान वाचून दाखवावं.

हे मी दादाला वर्षानुवर्षं सांगितलं. मग आमच्याकडे एलईडी आली. ड्रायव्हरमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून तिचा प्रवाह सारखा ठेवणारा भाग, आराखड्यात १०५ अंशांचा, म्हणजे तेवढी उष्णता सोसणारा होता. खरेदी विभागाने ८५ अंशांचा आणला, नगामागे किरकोळ बचत. तापमान दहा अंशांनी वाढलं की याचं आयुष्य निम्मं होतं, म्हणजे वीस अंश कमी सोसणारा घेतला तर पावच. मी सही केली नाही. साहेबांनी केली. खोक्यावरचा पंचवीस हजार तासांचा आकडा तसाच राहिला, कारण तो आकडा चिपचा असतो, अख्ख्या दिव्याचा नव्हे. चिप सहा हजार तास जाळायची आणि पुढचं गणिताने काढायचं, अशी ती रीत आहे.

दीड वर्षाने दादाने त्यातलाच एक बंद पडलेला बल्ब माझ्यापुढे ठेवला. मी तो उघडला. चिपा ठणठणीत, कपॅसिटर वरून फुगलेला. "आता हेही पदार्थविज्ञान का?" त्याने विचारलं. मी मान खाली घातली.

तर दादा, तू हे वाचशीलच: तारेच्या बल्बबद्दल तू चूक होतास, या बल्बबद्दल बरोबर.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. खोक्यावरचे तास वाचू नका, बदलून देण्याची मुदत किती वर्षांची आहे ते वाचा, कारण तिथे कंपनीच्या खिशाला हात लागतो. चहूबाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावू नका, आतल्या आत उकडून मरते. हातात वजनदार लागणारा बल्ब घ्या, बहुधा त्यात उष्णता बाहेर काढणारं ॲल्युमिनियम जास्त असतं. (हल्ली प्लास्टिक वापरून केलेले चांगले दिवेही निघतात, त्यामुळे एवढ्यावरच जाऊ नका.)

आणि हो, मी एकच कारखाना आतून पाहिलाय. सगळेच ८५ अंशांचा कपॅसिटर घालतात असं माझं म्हणणं नाही. फिलिप्स आणि ओस्रामने धंदा विकण्यामागे भागधारकांचा दबाव, कर्ज, वैद्यकीय यंत्रं नाहीतर मोटारींच्या दिव्यांकडे वळणं हीही कारणं होती. त्यावर ताळेबंद वाचणाऱ्या कोणीतरी लिहावं. दादाला येईल.