कंडोम फाटल्यानंतरचे ७२ तास

प्रश्न : वय २७, अविवाहित. महिन्यापूर्वी संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. घाबरून मी जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुतलं, दोन दिवस आग होत होती. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून गोळी आणून घेतली. पाळी उशिरा, पण आली. कोरडेपणामुळे आम्ही खोबरेल तेल लावलं होतं, त्यामुळे फाटला असेल का? आता काळजी मिटली ना?

उत्तर : तेलामुळेच फाटला असण्याची शक्यता मोठी आहे. साधे कंडोम लॅटेक्सचे असतात आणि खोबरेल, व्हॅसलिन, बेबी ऑइल असं काहीही लागलं की लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतं. कोरडेपणा असेल तर मेडिकलमध्ये पाण्यावर आधारित जेल मिळतं, तेच वापरा.

आतून धुणं मात्र पुन्हा कधीही करू नका. शुक्रजंतू तोवर पुढे गेलेले असतात, त्यामुळे गर्भ टळत नाही. उलट जंतुनाशकाने आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि संसर्गाला वाट मिळते. तुमची आग त्याचीच होती. लघवीला जाऊन बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे.

गोळी तुम्ही लगेच घेतलीत हे फार चांगलं केलंत. लेव्होनोर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही एकच गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, पण ७२ तास आहेत म्हणून थांबायचं नाही. ती बीजांड बाहेर पडणं लांबवते, ते आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक तास मोलाचा. तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यावी. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर गोळीचा असर कमी होतो, अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं जास्त खात्रीचं. पाळी पुढे-मागे होणं गोळीने होतंच. मात्र आठवड्याहून जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करावी.

आता काळजीचं. पाळी आली म्हणजे गर्भाचा प्रश्न सुटला, संसर्गाचा नाही. गोळी संसर्गाला अडवत नाही आणि गनोरिया, क्लॅमिडिया हे संबंधातून पसरणारे आजार बायकांमध्ये बरेचदा काही त्रास न देता राहतात. या दोन्हींची तपासणी दोन आठवड्यांनंतर करता येते, म्हणजे तुम्ही आजच करू शकता. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त सहा आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी द्या. जोडीदारानेही तपासून घ्यायला हवं. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते. तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि २०१७ च्या कायद्याने निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लग्न झालंय का, हा प्रश्न कुणी टोचून विचारला तरी परत फिरू नका. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

पुन्हा असं घडलं आणि जोडीदाराला एचआयव्ही आहे किंवा त्याची स्थिती माहीत नाही, तर थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा, रात्र असली तरी. तिथे डॉक्टर धोका पाहून पीईपीच्या, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्याच्या गोळ्या देतात. त्या पहिल्या काही तासांत सुरू झालेल्या उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो, तो मध्येच सोडायचा नाही.

प्रश्न : बाहेर येताना कंडोम निसटून पत्नीच्या आतच राहिला. ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : नाही. गर्भाशयाचं तोंड इतकं बारीक असतं की कंडोम त्यापलीकडे जात नाही. हात स्वच्छ धुवून त्यांनी उकिडवं बसावं, बाळंतपणात देतात तशी हलकी कळ द्यावी आणि दोन बोटांनी रबराची कडा चिमटीत धरून हळू ओढावी. चिमटा वगैरे वापरू नये. निघाला नाही तर त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, काही मिनिटांचं काम असतं. वीर्य आत सांडलेलं असतंच, त्यामुळे वर सांगितलेली गोळी लगेच घ्यावी. निसटण्याचं नेहमीचं कारण उशीर हे आहे : लिंग शिथिल होण्याआधी, कंडोमची कडा बुडाशी बोटांनी धरूनच बाहेर या.