बारीक माणसाची शुगर: ११८ आल्यावर पुढे काय?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं वय ५२, वजन ५८ किलो, गोड फारसं खात नाहीत, उपाशीपोटी शुगर ११८ आली. रात्री तीनदा लघवीला उठतात, तळपायाला मुंग्या येतात. आणि काका म्हणतात, बारीक माणसाला डायबेटिस होत नाही, काळजी सोडा. काकांचा मान राखून सांगते, हे ऐकू नका. लॅबमध्ये रक्त घेण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. काटकुळ्या माणसांचे तीनशेच्या वरचे रिपोर्ट मी पुष्कळ पाहिलेत.

उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबेटिस म्हणजे डायबेटिसच्या आधीची पायरी, १२६ पासून डायबेटिस. म्हणजे ११८ काठावर आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा रात्रीच्या उठण्याची जास्त काळजी वाटते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी अडवता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून घशाला कोरड, म्हणून खाऊनही वजन उतरतं. लघवी केलेल्या जागेवर मुंग्या (किडे) जमल्या की जुनी माणसं ओळखायची ती हीच साखर. ११८ वर हे होत नाही! तेव्हा एक तर जेवणानंतर त्यांची शुगर बरीच वर जात असणार, नाहीतर उठण्याचं कारण वेगळं आहे. या वयात प्रोस्टेटही बघायला हवं. आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे १८० च्या खाली शरीर बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. 'त्रास नाही म्हणजे शुगर नाही' असं धरून चालणारे वर्षानुवर्षं तशीच काढतात.

आता पीपी, म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी बघायची शुगर, आणि एचबीए१सी या रक्ताच्या तपासण्या करा. पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. आणि रोजचंच जेवण जेवायचं. कित्येक जण तपासणी म्हणून भात-पोळी सोडून नुसती काकडी खाऊन येतात. मग रिपोर्ट छान येतो आणि आजार घरीच राहतो. एचबीए१सी दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, ६.५ टक्क्यांपासून डायबेटिस. सोबत हिमोग्लोबिन आणि बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी सांगा. रक्त कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवू शकतो, आणि पायाच्या मुंग्या बी१२ कमी पडल्यानेही येतात. घरच्या ग्लुकोमीटरवर निदान ठरवू नका.

बारीकपणाचं म्हणाल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम याच विषयावर आहे. २००४ मध्ये त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात, अशी ठेवण सर्रास दिसते. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या वर असेल तर सावध. मानेमागची कातडी काळी, जाडसर झाली असेल आणि घासूनही जात नसेल, तर तीही खूण आहे. जखम लवकर न भरणं, जांघेत सारखी खाज, चष्म्याचा नंबर मध्येच बदलणं, हेही डॉक्टरांना सांगा.

पायाचं आजच बघा. चालताना चप्पल निसटलेली त्यांना कळते का, विचारा. कळत नसेल तर थांबू नका, याच आठवड्यात फिजिशियनला पाय दाखवा. तोवर मुंग्यांसाठी गरम पाण्यात पाय बुडवून शेकणं बंद, बधिर पायाला चटका कळत नाही. कारल्याचा रस, मेथीचं पाणी वगैरे निदान होईपर्यंत राहू दे. आणि तुम्ही तिशी ओलांडली असेल, तर त्यांच्याबरोबर स्वतःचंही रक्त द्या. वडिलांना डायबेटिस निघाला तर तुमचा धोका वाढतो.