एक्स्टर्नल वेस्टगेट आणि तीन पोर्टचा बूस्ट कंट्रोलर: कोणती नळी कुठे जोडावी?

प्रश्नावरून समजलेली स्थिती अशी: तुम्ही टर्बोचा मूळचा अंतर्गत वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) बंद करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर एक्स्टर्नल वेस्टगेट बसवला आहे. त्यात ०.७ बारची स्प्रिंग आहे, बूस्ट कंट्रोलर म्हणून ईसीयूकडून (इंजिनाच्या संगणकाकडून) चालणारा तीन पोर्टचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवरची झडप, आणलेला आहे आणि १.१ बार बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा जादा दाब) हवा आहे. जुन्या अॅक्च्युएटरला (अंतर्गत वेस्टगेट उघडणाऱ्या डबीला) एकच निपल होता म्हणून तूर्त टर्बोकडून येणारी एकमेव नळी वेस्टगेटच्या माथ्यावरील निपलला लावली आहे, आणि बूस्टचा काटा कुठेही न थांबता वर चढत जातो.

तातडीचे आधी सांगतो. ही जोडणी बदलेपर्यंत गाडी बूस्टमध्ये नेऊ नका. काटा चढतो आहे तो वेस्टगेट बिघडल्यामुळे नव्हे. तुम्ही जे जोडले आहे तेच तो इमानेइतबारे करतो आहे.

एक्स्टर्नल वेस्टगेटमध्ये डायफ्रॅमच्या (लवचीक पडद्याच्या) वर एक कप्पा असतो आणि खाली एक. स्प्रिंग वरच्या कप्प्यात बसते आणि डायफ्रॅमला, पर्यायाने झडपेला, खाली दाबून बंद ठेवते. खालच्या कप्प्यात, म्हणजे बाजूच्या निपलमधून, बूस्टचा दाब आला की तो डायफ्रॅमला वर उचलतो, झडप उघडते आणि एक्झॉस्टचा काही भाग टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. उलट माथ्यावरील निपलमधून आत गेलेला दाब स्प्रिंगच्याच बाजूने काम करतो. तुमच्या जोडणीत उघडणारा दाब कुठेच नाही आणि बंद ठेवणारा दाब मात्र बूस्टबरोबर वाढतच जातो. अशा वेळी झडपेखालचा एक्झॉस्टचा दाबच तिला थोडीफार उचलू शकतो, आणि त्याच्या भरवशावर इंजिन सोडता येत नाही.

योग्य जोडणी अशी. कॉम्प्रेसरच्या आउटलेटवरून एक नळी घ्या आणि टी-जोड लावून तिच्या दोन शाखा करा. एक शाखा थेट बाजूच्या निपलला जाईल आणि तिच्यात मध्ये काहीही असणार नाही. दुसरी शाखा सोलेनॉइडच्या दाब-पोर्टला, सोलेनॉइडचे मधले, दोन्हीकडे जोडले जाणारे पोर्ट वेस्टगेटच्या माथ्याला, आणि तिसरे पोर्ट मोकळ्या हवेला. त्यावर धूळ रोखणारा छोटा फिल्टर बसवावा. सोलेनॉइडला वीज नसताना माथ्यावरचा कप्पा मोकळ्या हवेशी जोडलेला असला पाहिजे. वीज मिळाली की तोच कप्पा बूस्टशी जोडला जातो.

पोर्टवर छापलेल्या १, २, ३ या आकड्यांवर मी विसंबत नाही, कारण ते सर्व उत्पादकांचे सारखे नसतात. सोलेनॉइड हातात घेऊन मधल्या पोर्टमधून तोंडाने फुंकून पाहा: वीज नसताना हवा ज्या पोर्टमधून बाहेर येते ते मोकळ्या हवेचे, आणि १२ व्होल्ट दिल्यावर टक् असा आवाज होऊन जिथून येऊ लागते ते दाबाचे. मधले पोर्ट कोणते हेही याच रीतीने कळते, कारण दोन्ही अवस्थांत हवा जाऊ देणारे तेच एक असते.

मी या जोडणीचा आग्रह धरतो तो बूस्ट किती वाढेल यासाठी नव्हे, तर काही निखळले तर काय होईल यासाठी. फ्यूज उडाला, सोलेनॉइडची तार तुटली किंवा माथ्याची नळी निसटली, तर बूस्ट स्प्रिंगच्या ०.७ बारवर उतरतो आणि गाडी केवळ मंद वाटते. धोका उरतो तो फक्त बाजूच्या निपलच्या नळीचा: ती गेली की झडप उघडण्याचे साधनच गेले. म्हणून ती नळी शक्य तितकी आखूड ठेवावी, दोन्ही टोकांना क्लिप लावावी, आणि मॅनिफोल्डजवळचा तुकडा साध्या सिलिकॉनचा न ठेवता धातूच्या नळीचा किंवा स्टीलची जाळी असलेल्या टेफ्लॉन होजचा करावा. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह किंवा फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी या टी-जोडावर लटकवू नका. दाब थ्रॉटलनंतरच्या इनटेक मॅनिफोल्डवरूनही घेता येतो, पण थ्रॉटल मिटल्यावर तिथे निर्वात होतो. कॉम्प्रेसरजवळचा दाब अधिक सरळ वागतो. मात्र तिथून दाब घेतल्यास इंटरकूलरमधील घट लक्षात ठेवावी: मॅनिफोल्डचा काटा स्प्रिंगच्या आकड्याहून थोडा कमी दाखवील.

बाजूला दोन निपल असतील तर न वापरलेल्याला बूच घालावे. माथ्याला मात्र कधीही बूच घालू नये, कारण कोंडलेली हवा दबून स्प्रिंगसारखीच वागते आणि बूस्ट वाढवते. काही वेस्टगेटना पाण्याच्या कूलिंगचीही छिद्रे असतात. त्यांचा बूस्टशी काही संबंध नाही.

सोलेनॉइडच्या दोन तारांपैकी एकीला इग्निशननंतरचे १२ व्होल्ट फ्यूजमधून द्यावेत आणि दुसरी ईसीयूच्या बूस्ट आउटपुटला जोडावी. ईसीयू अर्थिंगची बाजू उघडझाप करून ड्युटी, म्हणजे सोलेनॉइडला किती टक्के वेळ वीज मिळेल ते, ठरवतो. आतील डायोड असलेला सोलेनॉइड असेल तरच तारांची दिशा पाळावी लागते. २० ते ३० हर्ट्झची वारंवारता बहुतेक वेळा पुरते. सोलेनॉइड इंजिनावर न बसवता बॉडीवर, उष्णतेपासून दूर बसवा.

आता ०.७ च्या स्प्रिंगवर १.१ बार कसे मिळतात ते पाहा. खालून १.१ बार दाब आहे. वरच्या कप्प्यात सोलेनॉइडने सरासरी ०.४ बार ठेवला, तर फरक ०.७ उरतो आणि नेमकी तिथे झडप उघडू लागते. प्रत्यक्षात झडपेखालचा एक्झॉस्टचा दाबही उचलायला हातभार लावतो, म्हणून ड्युटीचा आकडा कागदावर काढता येत नाही, तो गाडीवरच शोधावा लागतो. स्प्रिंगच्या दुपटीपर्यंत ही रीत सहसा नीट चालते. त्यापलीकडे ताबा सैल होतो, तेव्हा जड स्प्रिंग घालणे बरे.

गाडी सुरू करण्यापूर्वी मापक असलेल्या हातपंपाने बाजूच्या निपलमध्ये हवा भरा. ०.७ च्या आसपास झडप हलायला हवी आणि दाब टिकून राहायला हवा. टिकत नसेल तर डायफ्रॅम किंवा जोड गळतो आहे. मग ईसीयूमध्ये बूस्ट कट (ज्या दाबाला ईसीयू इंजिनाची ताकद तोडतो ती मर्यादा) १.२ च्या जवळ लावून, हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मापकावर लक्ष ठेवून, प्रथम ० टक्के ड्युटीवर चालवा. काटा ०.७ च्या जवळ स्थिर राहिला तरच ड्युटी पाच-पाच टक्क्यांनी वाढवा, आणि प्रत्येक पायरीवर ईसीयूतील इंधन व इग्निशनचे नकाशे (आकड्यांची कोष्टके) त्या बूस्टला पुरेसे आहेत याची खात्री करा.

० टक्क्यांवरही बूस्ट चढत्या आरपीएमबरोबर ०.९, १.० असा सरकत राहिला, तर कंट्रोलरशी झगडण्यात अर्थ नाही. त्या वेळी वेस्टगेट पूर्ण उघडूनही एक्झॉस्टला वाट पुरत नसते: झडप लहान असते, किंवा मॅनिफोल्डवरून तिच्याकडे जाणारी नळी इतक्या तीव्र कोनात वळलेली असते की प्रवाह टर्बाइनकडेच धावतो. त्यावर उपाय वेल्डिंगचा किंवा मोठ्या वेस्टगेटचा.